पहिली ओळ पप्पाची

थांबा, हे आत्ताच लिहायचंय. आई जेवायला हाका मारायलीय, वरण निवायलंय, तरी आत्ताच. उद्यावर टाकलं तर मला लाज वाटंल आन मग हे मी कुणालाच सांगणार न्हाई. तर ऐका. मी एकोणीस वर्षाची हाय, सात वर्षाची असल्यापासून गायलेय, आन ह्या उन्हाळ्यापर्यंत मी एकबी गाणं स्वतः सुरू केलेलं नव्हतं. एकबी न्हाई. आन हे मला कळलं कुठं, तर पुण्यात, ज्या कॉलेजात जायला मी वर्षभर तडफडले त्याच कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत, परीक्षकांच्या समोर उभी असताना.

नीट सांगते. कर्नाटकात, बिदरकडं, औराद तालुक्यात आमचं गाव. पप्पाची गायन पार्टी हाय. आमच्या बौद्ध समाजात जयंती असो, लग्न असो, नवीन घरात जायचं असो, गायन पार्टी लागतीच. शेतीची कामं सांभाळून पप्पा गाणी लिहितात, चाली लावतात आन माईकवर गातात. चुलते ढोलकीवर. पेटीवर एक अण्णा, औरादला त्यांचं भांड्याचं दुकान हाय. लिंगायत माणूस, घरात कन्नड बोलतात, आमच्यासंगं मराठी, गिऱ्हाईकासंगं जे गिऱ्हाईक बोलंल ते. पप्पाची आन त्यांची दोस्ती शाळेपासूनची. आन मागं कोरस. कोरसमधी दोन चुलत्या आन मी.

कोरसचं काम सोपं दिसतं पण त्याला कायदा हाय. पहिली ओळ मुख्य गायकाची. ती त्यानं म्हणायची, लोकांनी ऐकायची, मग ढोलकी पडती आन मग कोरसनं उचलायचं. मधीच कोरस घुसला तर कार्यक्रम झाल्यावर चुलते असं बघतात की ढोलकी आपल्याच पाठीवर वाजायलीय असं वाटतं. पप्पाचं एक गाणं हाय, शाळेत जाणाऱ्या पोरीवर. "ऊठ गं बाई, दप्तर घे, शाळेची झाली वेळ" असं पप्पा खालच्या सुरात म्हणतात, अगदी शेजारच्याला उठवल्यासारखं. मग आम्ही तिघी वरून, "वेळ झाली गं, वेळ झाली." आख्खं गाणं असं. बारा वर्षं मी "वेळ झाली" म्हणत आले. एक हात कानावर, एक हात चुलतीच्या खांद्याला लागून, जागचं हलायचं न्हाई.

आता कॉलेजचं.

बारावीच्या वर्षी मोबाईलवर एक व्हिडिओ समोर आला. पुण्यातल्या एका कॉलेजचा. लाकडी फरशीची मोठी खोली, खिडकीतून ऊन, आन एक पोरगी गात गात साडीची घडी घालायलीय. खरंच घडी घालायलीय, टोकाला टोक जुळवून, आन गाणं चालूच. घडी घालता घालता ती कुणावर तरी चिडती, मग हसती, मग खाली बसती, पण सूर जागचा हलत न्हाई. खाली लिहिलेलं होतं, संगीत नाटकाचा पदवी कोर्स. गायन, अभिनय आन अंगाची हालचाल, तिन्ही एकत्र शिकवतात.

मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला ते विचारू नका. मला ती पोरगी व्हायचं नव्हतं. मला ती खोली पाहिजे होती. त्या फरशीवर अनवाणी उभं राहायचं होतं. असं कधी झालं नव्हतं मला, कधी न बघितलेल्या जागेची आठवण यायली.

घरात सांगितलं तर आई म्हणली, "गाणं शिकायला पुण्याला कामून जायचं? घरात सगळी गातात, ते काय भजी तळायलेत का?"

म्हणले, "नुसतं गाणं न्हाई आई. नाटकासंगं गाणं."

"मग तर घरात दोन्ही हाय."

पण पप्पांनी वही काढली. पप्पा गाणी लिहितात त्याच वहीच्या मागच्या पानावर आम्ही तीन कॉलेजं लिहिली. एक कलबुर्गीचं, संगीताची पदवी. बस हाय, मावशी हाय, आपलंच राज्य हाय, सवलती मिळतात. पण नाटक न्हाई, आन शिकवणं कन्नडमधी. मला कन्नड येती, पण बाजारापुरती, सुरातली न्हाई. दुसरं संभाजीनगरचं, तिथं नाटक हाय पण गाणं नावाला. तिसरं पुण्याचं. तिथं सगळं हाय, फक्त आम्ही तिथं परराज्यातले. फॉर्मवर राज्य विचारलं की मी कर्नाटक लिहायची आन खाली मातृभाषा मराठी. आमचा जातीचा दाखलाबी तिथं चालत न्हाई, त्यामुळं परराज्याच्या मोजक्या जागा, त्यातच बसायचं.

पप्पांनी तिन्ही नावं वाचली, पेन कानाला लावलं आन म्हणले, "तुला कुठं जायचंय ते सांग. कुठं जमंल ते मागून बघू."

मी तिसऱ्यावर बोट ठेवलं. आईनं पीठ मळता मळता नुसतं "हं" केलं.

मग तयारी सुरू झाली, आन आमचं घर म्हणजे सर्कस. व्हिडिओतली पोरगी घडी घालत गाती, तर मीबी काम करत गायची. धुणं धुताना, तुरीच्या शेंगा सोलताना, भाकरी थापताना. पहिल्या आठवड्यात चार भाकरी जळाल्या. आई म्हणली, "तू तान घेतीस आन धूर मला खावा लागतो." शेताच्या बांधावरून चालत चालत गायची तर शेजारच्या रानातली मावशी आईला विचारून गेली, पोरीला कुणाची नजर लागली का म्हणून.

सगळ्यात अवघड होतं हात खाली ठेवणं. सूर लागला की हात आपोआप कानावर जायचा. आईनं शेवटी माझ्या दोन्ही हातात पाण्याच्या कळशा दिल्या आन म्हणली, "आता गा." गायले. कळशा सांडल्या न्हाईत. तो दिवस मला लई भारी वाटला.

परीक्षेला एक नाट्यगीतबी लागायचं, ते अण्णांनी शिकवलं. दुकान बंद ठेवायच्या वारी, दुपारी, भांड्यांच्या मधी पेटी ठेवून. अण्णा एक ओळ म्हणायचे, मी म्हणायची. अण्णा दुसरी म्हणायचे, मी म्हणायची. तान चुकली की पितळी पातेल्यावर टिचकी मारायचे. "बाई, ही जागा घसरगुंडी न्हाई, पायरी हाय. एक एक उतर." हे असं सहा महिने. आता लिहिताना कळायलंय की तिथंबी मी दुसऱ्या नंबरलाच होते. कुणीतरी आधी म्हणणार, मग मी.

पहिल्या फेरीला व्हिडिओ पाठवायचा होता. आपल्या भागातलं एक गाणं आन एक स्वगत. मागं दुसऱ्या कुणाचा आवाज चालणार न्हाई अशी अट. स्वगत मी स्वतःच तयार केलं, आई आठवडी बाजारात कशी जाती त्याच्यावर. मिरचीवालीसंगं तेलुगू, बांगडीवाल्या चाचासंगं दखनी उर्दू, कांद्यावाल्यासंगं कन्नड, आन भाव पटला न्हाई की स्वतःशीच मराठी. आईनं ते बघितलं आन म्हणली, "मी असं तोंड करते?" पप्पा म्हणले, "ह्यापेक्षा वाईट करतीस." दोन दिवस पप्पांना भाजीत मीठ कमी मिळालं.

गाणं पप्पाचंच घेतलं, शाळेच्या वेळेचं. भिंतीवर चादर लावली, मोबाईल डब्यावर टेकवला, कोंबड्या बाहेर हाकलल्या. आन मोबाईलच्या मागं पप्पा बसले. आवाज करायचा न्हाई म्हणून त्यांनी पहिली ओळ नुसत्या ओठांनी म्हणली, मी त्यांच्या तोंडाकडं बघून म्हणली. तो सूर माझ्यासाठी लई खाली, नुसती हवा निघायली, पण मोबाईल जवळ होता म्हणून चाललं. तेव्हा कुणालाच त्यात काय चुकीचं वाटलं न्हाई. मलाबी न्हाई.

व्हिडिओ पास झाला. मेल आला तेव्हा मी शेतात होते, रेंज येतीय जातीय, मी बांधावर उभी राहून तीनदा वाचला. पप्पांनी चुलत्याला, चुलत्यानं अण्णांना, अण्णांनी दुकानात आलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितलं. एका बाईनं म्हणे मला बघितलेलं नसताना माझ्यासाठी एक तांब्या घेतला, हॉस्टेलला लागंल म्हणून.

मे महिन्यात दुसऱ्या फेरीला पप्पा आन मी पुण्याला गेलो. कॉलेजच्या गेटवर पप्पांनी चप्पल झटकली, विहारात जाताना झटकतात तशी. आत पंचवीस तीस पोरं पोरी, सगळी भिंतीकडं तोंड करून सूर लावायलेली. एकीनं मला विचारलं, "तू कुठली?" म्हणले, "औराद." तिला कळलं न्हाई. "बिदरकडं." ती म्हणली, "अगं, मग मराठी किती छान बोलतेस." "तूबी," म्हणले.

माझं नाव पुकारलं. दार उघडलं.

तीच खोली होती. खरंच तीच, व्हिडिओतली. लाकडी फरशी, डाव्या बाजूला खिडक्या, ऊन. मी चप्पल बाहेर काढली होती. फरशी कोमट होती. पायाला ते लागलं आन मला रडायला यायलं, परीक्षा सुरू व्हायच्या आधीच. समोर एक मॅडम आन एक सर, कोपऱ्यात पेटीवर एक दादा.

आधी स्वगत झालं. दोघंबी हसले. सर तर बांगडीवाल्या चाचाच्या जागी पुढं वाकून हसले. मॅडमनी काहीतरी लिहिलं, बराच वेळ लिहिलं. मला वाटलं झालं, मिळालं, ही फरशी आपली.

मग मॅडम म्हणाल्या, "आता तुमच्याकडचं गाणं. कुठली पट्टी?"

पट्टी म्हणजे पेटीवरचा कुठला सूर आपला सा, एवढं मला माहीत होतं. अण्णांची बोटं कायम काळी एकवर असतात, म्हणून म्हणले, "काळी एक." पेटीवाल्या दादानं माझ्याकडं जरा बघितलं, पण सूर धरला. चाल विचारून घेतली आन पहिल्या ओळीची चाल एकदा वाजवली. थांबला.

मीबी थांबले.

त्यानं परत वाजवली. मी हसून मान हलवली, चांगलं वाजवलं म्हणून. मॅडम म्हणाल्या, "करा सुरू."

म्हणले, "व्हय."

आन उभीच राहिले. खरं सांगते, माझ्या डोक्यात काही आडलं नव्हतं, शब्द विसरले नव्हते. मी वाट बघायलते. दादानं तिसऱ्यांदा ओळ वाजवली, ती संपली, आन माझा हात कानावर गेला, आन मी खणखणीत सुरू केलं, "वेळ झाली गं, वेळ झाली."

सर म्हणाले, "एक मिनिट. हे मधून सुरू होतंय का? पहिली ओळ कुठंय?"

म्हणले, "ती माझी न्हाई, सर. ती पप्पाची हाय."

सर हसले. मॅडम हसल्या न्हाईत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "पप्पा कुठं आहेत?"

"बाहेर बाकड्यावर."

"मग इथं ती कोण म्हणणार?"

मी म्हणायला गेले. "ऊठ गं बाई" म्हणलं आन नुसती हवा आली. परत म्हणलं, परत हवा. काळी एकमधी ती ओळ माझ्या गळ्याच्याबी खाली कुठंतरी हाय. इथं मोबाईल जवळ नव्हता, मोठी खोली होती, हवा ती हवाच ऐकू आली. मॅडमनी विचारलं, "ही पट्टी तुझी आहे की पप्पांची?"

मला माहीत नव्हतं. माझी पट्टी असती हेच मला माहीत नव्हतं. पार्टीत एक पेटी, एक गाणारा, त्याची पट्टी तीच सगळ्यांची.

मॅडम उठून पेटीपाशी आल्या. म्हणाल्या, "नुसतं आ कर, बोलतेस त्या सुरात." मी आ केलं. दादा एक एक पट्टी वर सरकत गेला. पांढरी दोन, काळी दोन, पांढरी तीन, असं करत. काळी चारला आल्यावर मॅडम म्हणाल्या, "थांब. इथं म्हण."

मी म्हणलं. ऊठ गं बाई, दप्तर घे. आवाज आला. तो माझ्या तोंडातून आला न्हाई, छातीतून फरशीवर पडला आन समोरच्या भिंतीवरून परत माझ्याकडं आला असं वाटलं. कुणाच्या मागून न्हाई, कुणाच्या खालून न्हाई. एकच ओळ. मी ती म्हणली, आन ढोलकी न पडताच पुढची म्हणली, आन कोरसबी मीच म्हणला. चालत म्हणला. खिडकीपर्यंत गेले आन परत आले.

मग घंटी वाजली. प्रत्येकाला ठरलेला वेळ होता, तो संपला. नाट्यगीताचा फक्त मुखडा म्हणायला मिळाला. हालचालीची परीक्षा तर झालीच न्हाई. सर म्हणाले, "पुढच्याला पाठवा." मी दारापाशी गेले तेव्हा मॅडमनी पेन परत उचललेलं नव्हतं.

बाहेर पप्पा उठून उभे राहिले. "काय म्हणले?"

"तुमची ओळ कुठंय म्हणले."

पप्पांना आधी कळलं न्हाई. मी सगळं सांगितलं, गेटपर्यंत सांगितलं, रिक्षात सांगितलं. पप्पा म्हणले, "म्हणायची की मग. कुणी धरलं होतं का तुला?"

"बारा वर्षं तुम्हीच म्हणायलाव की पप्पा."

स्टेशनवर वडापाव घेतला, पप्पांनी खाल्ला न्हाई, कागदात गुंडाळून ठेवला. गाडी सोलापूर सोडून पुढं आल्यावर एकदम म्हणले, "माझ्या पट्टीत तुला गायला लावलं इतकी वर्षं. माझ्या ध्यानातच आलं न्हाई बघ." मी म्हणले, "माझ्याबी न्हाई." मग ते खिडकीबाहेर बघत बसले आन मीबी. मला रागबी आलता आन त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपावंबी वाटायलतं. झोपले.

निकालाला महिना लागला. त्या महिन्यात कोहिनूर गावात एका नव्या घराच्या कार्यक्रमाला आमची पार्टी गेली. मी मागं उभी, हात कानावर. पप्पांनी पहिली ओळ म्हणली, लोक शांत झाले, ढोलकी पडली. मी उचललं. पण दुसऱ्या कडव्याला माझा गळा आपोआप वर जायला लागला, काळी चारकडं. आवरलं, परत गेला. चुलतीनं कोपर मारलं. चुलत्यानं ढोलकीवरून तसंच बघितलं. पप्पा मागं वळले न्हाईत, गात राहिले, पण त्यांची पाठ मला ओळखू येती. त्यांना ऐकू गेलतं.

उतरल्यावर अण्णांनी पेटीचा भाता बांधत विचारलं, "बाई, आज कुठं गेलतीस?"

"पुण्याला," म्हणले.

"आलीस का परत?"

"न्हाई अण्णा."

अण्णांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी दुकानातून निरोप आला, दुपारी ये म्हणून. गेले. त्यांनी पेटी समोर ठेवली, काळी चारवर बोट ठेवलं आन गप्प बसले. मला वाटलं रागावलेत. मग कळलं, मी सुरू करायची वाट बघायलेत. आता रोज तसंच करतात. कधी कधी मी पाच मिनिटं गप्प बसते, गिऱ्हाईक येऊन कढई घेऊन जातं, तरी अण्णा बोट हलवत न्हाईत.

आज चार वाजता यादी लागली. मुख्य यादीत माझं नाव न्हाई. प्रतीक्षा यादीतबी न्हाई. खाली एक ओळ होती, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल, पण ती सगळ्यांनाच होती, मॅडमनी माझ्यासाठी लिहिलेली नव्हती. तरी मी ती चार वेळा वाचली, माझ्यासाठी हाय का बघायला. पप्पांना दाखवलं. त्यांनी मोबाईल हातात धरून वरून खाली सगळी नावं वाचली, हळूहळू, प्रत्येक नाव. मग म्हणले, "ही सगळी पोरं पहिली ओळ म्हणणारी असतील." टोमणा नव्हता. खरंच कौतुकानं म्हणले.

कलबुर्गीचा फॉर्म भरलाय. आठ दिवसांनी जायचंय. आई म्हणली, "तिथंबी फरशी असंल की." असंल. चांगलंच असंल कॉलेज, मला माहीत हाय, मी तिथं मन लावून शिकणार हाय आन कन्नडमधी सूरबी लावणार हाय. वर्षभरानं पुण्याचा अर्ज परत भरणार हाय, ह्यावेळी पट्टी विचारली की सांगता येईल.

पण आत्ता काय करू ते मला कळंना झालंय. मी त्या खोलीत सगळी मिळून पंधरा मिनिटं होते. आन महिना झाला मी तिथून निघालेच न्हाई. धुण्याच्या दगडावर उभी राहिले तरी पायाखाली ती कोमट फरशी लागती. पार्टीत माझी जागा होती, चुलतीच्या खांद्याला लागून, ती आता अंगाला आवळती. आन नवी जागा मिळाली न्हाई. पप्पांच्या आवाजामागं उभं राहायला मला अजूनबी आवडतं, लई आवडतं, हे त्यांना कसं सांगायचं तेबी कळंना.

तुमचं असं झालंय का? एखाद्या जागी थोडा वेळ जाऊन आलात आन मग आपल्याच घरातली आपली जागा अंगाला बसंना झाली? मग तुम्ही काय केलं? किती दिवस लागले? खरं खरं सांगा, मी वाट बघायले.